शेजारच्या विरजणावर लावलेलं लिनक्स

दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांत उरकेल म्हणून जे काम काढलं ते संपायला तेवीस दिवस लागले. त्यात एकदा आख्खा लॅपटॉप झोपवला, दोनदा कर्नल पॅनिक (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, तो गडबडून जागीच थांबणं) खाल्लं, आणि भाऊबीजेला ताई ओवाळत होती तेव्हा माझा एक डोळा स्क्रीनवर होता, त्यावरनं अजून बोलणी खातोय. २६ ऑक्टोबर २०२४, शनिवारी सुरू केलं आणि १७ नोव्हेंबरला, रविवारी रात्री लॉगिन प्रॉम्प्ट आला. सीडी लावून नेक्स्ट नेक्स्ट करून टाकलेलं नाही हां, प्रत्येक तुकडा सोर्स कोडपासून, म्हणजे माणसानं लिहिलेल्या मजकुरापासून, स्वतः कंपाईल करून, म्हणजे मशीनला चालवता येईल असा करून (हे करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर), उभं केलेलं लिनक्स, विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम.

आधी हे खूळ डोक्यात कुठनं आलं ते सांगतो. मी सपोर्टमध्ये आहे, नऊ वर्षं झाली, लोकांचे सर्व्हर बघतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काळी खिडकी, एपीटी इन्स्टॉल म्हणून तयार प्रोग्राम टाकायचा, सर्व्हिस रीस्टार्ट करायची, तिकीट क्लोज करायचं. सप्टेंबरात टीममध्ये एक नवीन पोरगी आली, तिनं जेवताना सहज विचारलं, "सर, ही जीलिबसी जीलिबसी म्हणतात ती नक्की करते काय? आणि ती सी भाषेत लिहिलेली, मग ती आधी का कंपायलर आधी?" मी म्हणलं, "बेसिक लायब्ररी असते ती, सगळ्याला लागते." ती "ओके सर" म्हणाली. आता हे 'ओके सर' कसलं असतं ते मला बरोबर कळतं, कारण मी स्वतः इतकी वर्षं वरच्या लोकांना तेच म्हणत आलोय. डबा गोड लागला नाही त्या दिवशी.

तर लिनक्स फ्रॉम स्क्रॅच, थोडक्यात एलएफएस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा जेरार्ड बीकमन्स नावाच्या माणसानं १९९९ मध्ये सुरू केलेला प्रोजेक्ट आहे. यात डाऊनलोड करून इन्स्टॉल करायला तयार असं काहीच मिळत नाही, मिळतात त्या नुसत्या सूचना. ऐंशीच्या आसपास पॅकेजं, त्यांचे सोर्स कुठनं घ्यायचे, कुठल्या क्रमानं बांधायचे, कुठल्याला काय ऑप्शन द्यायचे, एवढंच. बाकी हात तुमचे, मशीन तुमचं, रात्र तुमची. मी १२.२ घेतलं, ते १ सप्टेंबर २०२४ ला आलं होतं, म्हणजे ताजंच. त्यात कर्नल ६.१०.५, जीसीसी (हा कंपायलर) १४.२, जीलिबसी २.४०. मशीन चालू होताना बाकीच्या सर्व्हिस उठवायला सिस्टिमडी आणि जुनं सिसव्ही असे दोन रस्ते तेव्हा होते, मी जुना घेतला, कारण त्यात सगळं शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे साध्या कमांडच्या फाईलींत असतं, उघडून वाचता येतं.

मशीन म्हणजे घरातला जुना लॅपटॉप, चौथ्या जनरेशनचा आय५, दोन कोर, आठ जीबी रॅम, त्यात नंतर घातलेली एसएसडी, बॅटरी वीस मिनिटांची. ऑफिसच्या लॅपटॉपवर असलं काही करायची सोय नाही. उबुंटू, म्हणजे तयार मिळणारं लिनक्स, त्यावर होतंच, त्याच्या शेजारी तीस जीबीचं वेगळं पार्टिशन काढलं, ते एमएनटी खाली एलएफएस या फोल्डरवर माउंट केलं, म्हणजे जोडलं, आणि आपण लिनक्सवाले असल्याच्या थाटात पहिला चेक चालवला. ही एक छोटी स्क्रिप्ट असते, तुमच्या चालू सिस्टिमवर लागणारी हत्यारं आहेत का ते बघते. पहिल्याच फटक्यात दोन ठिकाणी एरर! उबुंटूत एसएच, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा शेल, हा बॅश नसून डॅश असतो, आणि ऑक हा मजकूर चाळणारा प्रोग्राम गॉक नसून मॉक असतो, दोन्ही बदलून घ्यावे लागले. नऊ वर्षं मी एसएच म्हणजे बॅशच समजून स्क्रिप्टा लिहितोय. चालतायत अजून. का चालतायत देव जाणे.

आता मोठा घोळ. सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की सुरुवातीचं सगळं काम एलएफएस नावाचा एक साधा यूझर बनवून त्याच्यातनं करा, रूट, म्हणजे ज्याला काहीही करायची परवानगी असते तो यूझर, वापरू नका. मला वाटलं, घरचा लॅपटॉप आहे, कोण बघतंय, कशाला तो एक्स्ट्रा यूझर. आणि रूटमध्येच बसलो. या कामात एक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, म्हणजे टर्मिनलमध्ये नाव देऊन साठवलेली किंमत, फार महत्त्वाचं असतं, त्यालाही एलएफएसच म्हणतात, त्यात नवीन पार्टिशनचा पत्ता असतो, आणि सुरुवातीला बहुतेक जे काही बांधाल ते मेक इन्स्टॉल करताना, म्हणजे जागेवर नेऊन ठेवताना, डेस्टडिरमध्ये (कुठं ठेवायचं तो पत्ता) हे व्हेरिएबल द्यायचं म्हणजे माल त्या पार्टिशनमध्ये जाऊन पडतो. शनिवारी रात्री मी ते सेट केलेलं होतं. रविवारी सकाळी उठून नवीन टर्मिनल उघडला, त्यात ते सेट नव्हतं, आणि मी नेमका जीलिबसीवर आलो होतो. व्हेरिएबल रिकामं म्हणजे डेस्टडिर रिकामा, डेस्टडिर रिकामा म्हणजे माल थेट मुळावर, म्हणजे माझ्या चालू उबुंटूच्या जीलिबसीच्या डोक्यावर नवी जीलिबसी. आणि रूट असल्यामुळं कोण अडवणार.

इन्स्टॉल मध्येच थांबलं. मला वाटलं काहीतरी किरकोळ असेल. एलएस, म्हणजे फाईलींची यादी दाखवायची कमांड, टाइप केलं, तर कुठलातरी सिम्बॉल सापडत नाही म्हणून एरर. सीपी, तीच एरर. सुडो, तीच. कॅट, तीच. रीबूट सुद्धा होईना. घाम फुटला मला. मग एक गंमत लक्षात आली, की सीडी, म्हणजे फोल्डर बदलायची कमांड, चालतंय! आणि इको लिहून पुढं चांदणी टाकली की फोल्डरमधल्या फाईलींची नावं पण दिसतायत. म्हणजे एलएस मेलंय पण इको जिवंत आहे, हे कसं? तर सीडी आणि इको ही बॅशच्या पोटातच असतात, त्यांना वेगळा प्रोग्राम उचलायला लागत नाही, आणि बॅश स्वतः आधीच मेमरीत चढलेला होता, जुन्या जीलिबसीचा हात धरून. एलएस हा मात्र डिस्कवरचा वेगळा प्रोग्राम, तो उठायला गेला की जीलिबसी शोधतो, आणि तिथं आता अर्धी जुनी अर्धी नवी अशी खिचडी. त्या पोरीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथंच मिळालं, फक्त त्याची किंमत एक उबुंटू होती. लाइव्ह पेनड्राइव्हवरनं भाच्याच्या बारशाचे फोटो काढून घेतले आणि सगळं परत टाकलं. त्यात रविवार गेला, वसुबारस पण गेली.

परत सुरू करताना तो साधा यूझर गुपचूप बनवला. आणि मुद्दाम, अक्कल आली म्हणून, त्या यूझरमध्ये व्हेरिएबल रिकामं करून एकदा मेक इन्स्टॉल मारून बघितलं. पहिल्याच ओळीला परमिशन डिनाइड. एवढ्यासाठीच असतो तो यूझर. सूचनांमध्ये नेमका याच चुकीबद्दल इशारा पण आहे, ठळक चौकटीत आहे, मी वाचला नव्हता.

आता यातला जो भाग मला सगळ्यात भारी वाटला तो सांगतो, आणि लोक नेमका हाच कॉपी पेस्ट करून पुढं पळतात. सुरुवातीची फक्त पाच पॅकेजं: बिनयुटिल्स (कंपाईल झालेले तुकडे जोडायची, म्हणजे लिंक करायची हत्यारं), जीसीसी, कर्नलचे हेडर, जीलिबसी आणि लिबएसटीडीसी++ (सी++ भाषेची लायब्ररी). पुढं सत्तर-ऐंशी पॅकेजं येतात पण ती सगळी हमाली आहे. खरी गोम या पाचात.

भानगड अशी की कंपायलर हा पण एक प्रोग्रामच, तो बनवायला कंपायलर लागतो. आणि कंपायलर चालायला जीलिबसी लागते, आणि जीलिबसी बनवायला कंपायलर लागतो. धनत्रयोदशीच्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो होतो, कारण वायफाय तिथंच नीट येतं, आई चकल्या पाडत होती, आणि स्क्रीनवर ओळी पळत होत्या. तिनं विचारलं, "हे काय चाललंय तुझं मगापासनं?" म्हणलं कंपायलर बनवतोय. "कशानं बनवतोयस?" म्हणलं कंपायलरनं. सोऱ्या तसाच हातात धरून माझ्याकडं बघितलं तिनं. "मग तो आधीचा कुठनं आला?" म्हणलं उबुंटूचा आहे, आधीपासनं होता. "म्हणजे विरजण शेजारनं आणलंस म्हण की. दही लावायला दहीच लागतंय."

मी आजवर यावर जे जे वाचलंय त्यात इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. कारण पुढं अगदी तसंच होतं. शेजारच्याचं विरजण म्हणजे उबुंटूचा जीसीसी. त्यानं आपण पहिला जीसीसी लावतो. हा पहिला अर्धवट असतो, त्याला लायब्ररीच नाही, साधा प्रोग्राम पण तो पूर्ण लिंक करू शकत नाही, मुद्दाम हेडरशिवाय बांधलेला असतो. पण जीलिबसी बांधायला तेवढा पुरतो, कारण जीलिबसीला खाली दुसरी कुठली लायब्ररी लागत नाही, ती थेट कर्नलशी बोलते. म्हणून तिच्या आधी कर्नलचे हेडर टाकायचे, म्हणजे कर्नलला काय काय म्हणता येतं ते तिला कळतं. एलएसला फोल्डर वाचायचा असतो तेव्हा तो जीलिबसीला सांगतो, जीलिबसी कर्नलला सांगते, कर्नल डिस्कला. जीलिबसी झाली की लिबएसटीडीसी++, कारण जीसीसी स्वतः आता सी++ मध्ये लिहिलेला आहे, पुढचा जीसीसी बांधायला ती लागणार. मग बॅश, कोअरयुटिल्स, ग्रेप, सेड, टार अशी बारकी हत्यारं, आणि मग दुसरा जीसीसी. आणि शेवटी उबुंटूचा दरवाजा लावून आतनं कडी घालून तिसरा जीसीसी, जो दुसऱ्यानं बांधलेला असतो, आपल्याच जीलिबसीवर. तिसऱ्या खेपेच्या दह्यात शेजारच्या घरचा वास राहत नाही.

आणि यात एक हुशारी आहे जी मला फार आवडली. उबुंटूचा जीसीसी आणि नवा जीसीसी दोन्ही एकाच प्रोसेसरसाठी, मग कंपायलरला वाटणार की मी माझ्यासाठीच बांधतोय, आणि तो इकडच्या लायब्रऱ्यांना हात लावणार. तो तसा लावू नये म्हणून मशीनच्या नावात मधला एक शब्द बदलतात. एरवी तिथं पीसी असतं, त्याच्या जागी एलएफएस लिहायचं. बास! कंपायलरला वाटतं हे कुठलंतरी परकं मशीन आहे, आपली लायब्ररी तिथं चालणार नाही, आणि तो इकडचं काही उचलत नाही. एक खोटं नाव सांगून आख्खी सिस्टिम वेगळी ठेवायची. मी हे वाचून उठून चहा करून आलो आणि परत वाचलं.

हे जमलं का नाही ते बघायची एक टेस्ट आहे. रिकामा मेन असलेला एका ओळीचा सी प्रोग्राम नव्या कंपायलरला द्यायचा आणि रीडएल्फ या हत्यारानं बघायचं की तयार झालेली फाईल कुठला लोडर, म्हणजे चालताना तिला लायब्रऱ्या जोडून देणारा प्रोग्राम, मागतेय. उत्तरात लिब६४ मधला लोडर यायला पाहिजे आणि त्या पत्त्यात एमएनटी एलएफएस असलं काही दिसता कामा नये. माझं पहिल्या वेळी बरोबर आलं. एका ओळीच्या उत्तरासाठी मी एवढा खूश शेवटचा कधी झालो होतो, बहुतेक बारावीच्या निकालाला.

विरजणावरनं आठवलं, युनिक्स ज्यानं १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहायला घेतलं त्या केन थॉम्पसननं १९८४ मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हाच मुद्दा उलटा फिरवलाय. म्हणजे समजा कंपायलरमध्ये कुणी चोरदरवाजा घातला आणि तो असा घातला की त्यानं बनवलेल्या पुढच्या कंपायलरमध्ये तो आपोआप उतरेल, तर सोर्समध्ये तुम्हाला काहीच दिसणार नाही, सोर्स स्वच्छ आणि दही नासकं. म्हणजे मी तीन तीनदा लावलं तरी पहिलं विरजण शेजारचंच, त्यामुळं वर वास राहत नाही म्हणलो ते तसं शंभर टक्के खरं नाही. आईला हे सांगितलं नाही.

वेळेचं म्हणाल तर इथं घड्याळ वेगळंच आहे. पहिल्यांदा बिनयुटिल्स बांधायला तुमच्या मशीनला जेवढा वेळ लागतो तो एक एसबीयू, आणि पुढच्या प्रत्येक पॅकेजपुढं किती एसबीयू ते लिहिलेलं असतं. कल्पना चांगली आहे, ज्याचं त्याचं मशीन ज्याचा त्याचा मास्तर. माझा एक एसबीयू पावणेचार मिनिटांचा निघाला. त्या हिशोबानं मी कागदावर टाइमटेबल केलं, आणि ते पहिल्याच दिवशी कोलमडलं, कारण कंपाईल होण्यापेक्षा माझ्या चुका निस्तरायला जास्त वेळ जातो हे कुठल्या एसबीयूत बसत नाही. उदाहरणार्थ प्रत्येक पॅकेजचं टारबॉल, म्हणजे सोर्सचं गाठोडं, सोडायचं, बांधायचं, आणि झाल्यावर सोर्सचा फोल्डर उडवायचा, हा नियम आहे. जीसीसी तीनदा लागतो ना, मी म्हणलं परत कशाला सोडत बसा, पहिल्या वेळचाच फोल्डर वापरू. जुन्या खेपेचं खरकटं त्यात होतंच, वीस-पंचवीस मिनिटं चालून मग जी काही एरर आली तिचा अर्थ लावण्यात रात्रीचा दीड वाजला. फोल्डर उडवून परत सोडला, सरळ झालं.

मग चेंजरूट. म्हणजे आता नवीन पार्टिशनलाच मूळ मानून आत शिरायचं, उबुंटू दिसेनासं होतं. आत शिरलो तर प्रॉम्प्टवर इंग्रजीत लिहून आलं, 'मला नाव नाही!' शब्दशः, उद्गारचिन्हासकट. कारण पासवर्डची फाईलच अजून बनवलेली नसते, मग शून्य नंबरचा यूझर म्हणजे कोण हे बॅशला कोण सांगणार. ती फाईल हातानं लिहायची, त्यात रूटची एक ओळ टाकायची, नवीन बॅश उघडायचा, की नाव येतं. रूट म्हणजे कुणीतरी मोठा माणूस असं इतकी वर्षं वाटायचं, तो एका टेक्स्ट फाईलमधली एक ओळ निघाला. ती ओळ मीच टाइप केली, त्यामुळं आता त्याचा तेवढा दरारा वाटत नाही.

भाऊबीजेचा किस्सा याच टप्प्यावरचा. आतमध्ये गेल्यावर प्रोक, सिस, डेव्ह वगैरे, म्हणजे कर्नल आपली माहिती जिथं दाखवतो ते फोल्डर, बाहेरनं माउंट करून द्यावे लागतात, आणि मशीन बंद झालं की ते जातात. ३ नोव्हेंबरला दुपारी जीलिबसीच्या टेस्ट चालू होत्या आणि लाईट गेली. ताई ताट घेऊन बसलेली, निरांजन लावलेलं, आणि मी मनात बॅटरीची वीस मिनिटं मोजतोय. टिळा लावताना ताई म्हणाली, "ओवाळणी काय देणारेस, एरर?" लाईट यायच्या आत लॅपटॉप बंद पडला. परत चालू करून, माउंट न करता तसाच आत शिरलो, तर भलत्याच पॅकेजच्या भलत्याच टेस्ट पडायला लागल्या. तासभर टेस्टलाच शिव्या देत बसलो होतो आणि प्रोक रिकामं. तेव्हापासनं माउंटच्या ओळींची एक स्क्रिप्ट करून ठेवली, आधी करायला काय झालं होतं कुणास ठाऊक.

मधल्या पॅकेजांबद्दल फार सांगत नाही, सांगण्यासारखं नाही. कॉन्फिगर, मेक, मेक चेक, मेक इन्स्टॉल, आणि परत तेच. सुट्टी संपली, मग ऑफिसवरनं आलं की रात्री दोन-तीन पॅकेजं. शेवटच्या जीसीसीच्या टेस्ट मात्र लक्षात राहिल्या, रात्री दहाला लावल्या आणि सकाळी सहाला उठून बघितलं तर चालूच, फॅनचा आवाज तर असा की शेजारच्या यंत्रमागाला साथ देतोय. आमच्या इचलकरंजीत त्या आवाजात कुणाची झोप मोडत नाही ही एक सोय.

एक काम मात्र हौसेनं केलं. जीलिबसी टाकताना कुठल्या भाषांचे लोकेल, म्हणजे तारीख-वार वगैरे त्या भाषेत दाखवायची माहिती, पाहिजेत ते आपण निवडायचं असतं, मी त्यात मराठी भारत, यूटीएफ-८ अशी एक ओळ वाढवली. मग तो लोकेल लावून डेट कमांड मारली, आणि वार आणि महिना मराठीत आला. हे जीलिबसीत आधीपासनं आहे, कुणीतरी कधीतरी बसून रविवार सोमवार भरून ठेवलंय, आणि मी इतकी वर्षं सर्व्हरवर सन मन ट्यू बघतोय. आईला दाखवलं, तिनं वाचलं, म्हणाली "बरोबर आहे की वार", आणि गेली.

आता कर्नल. इथं परत शहाणपणा नडला. सूचना सांगतात की डिफॉल्ट कॉन्फिगरेशनपासून सुरुवात करा आणि लागेल ते चालू करा. मला वाटलं उबुंटूचं कॉन्फिगरेशन या लॅपटॉपवर चालतंयच, तेच कॉपी केलं की झालं. कॉपी केलं, मेक मारलं, तर उबुंटूवाल्यांच्या सर्टिफिकेटची कुठलीतरी फाईल सापडत नाही म्हणून अडलं, बरोबरच आहे, ती त्यांच्या सोर्समध्ये असते, माझ्याकडं कुठली. तो ऑप्शन रिकामा केला आणि परत लावलं. रात्रभर चाललं, जगात जेवढं म्हणून हार्डवेअर असेल तेवढ्या सगळ्यांचे ड्रायव्हर कंपाईल झाले, जी कार्डं मी जन्मात बघणार नाही त्यांचे पण. ग्रब, म्हणजे मशीन चालू झाल्यावर कुठली सिस्टिम उठवायची ते विचारणारा प्रोग्राम, उबुंटूचाच ठेवला, त्याच्या मेनूत एक नवीन ओळ टाकली, आणि रीबूट.

दोन सेकंद अक्षरं पळाली आणि थांबली. कर्नल पॅनिक, रूट फाईलसिस्टिम (इथं रूट म्हणजे यूझर नव्हे, मुळाचं पार्टिशन) माउंट होत नाही, अननोन ब्लॉक, कंसात शून्य स्वल्पविराम शून्य. कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय. त्याच्या वर एक ओळ होती, की बूट ऑप्शन बरोबर द्या, उपलब्ध पार्टिशनं पुढीलप्रमाणे, आणि पुढं काहीच नाही. यादी रिकामी. तिथं माझी ट्यूब पेटली. पार्टिशन चुकलं असतं तर यादीत बाकीची तरी दिसली असती, इथं कर्नलला डिस्कच दिसत नाहीये. कारण उबुंटूच्या कॉन्फिगरेशनमध्ये साटा डिस्कचा ड्रायव्हर, एएचसीआय, हा मोड्यूल म्हणून वेगळा ठेवलेला असतो, कर्नलच्या आत नसतो. उबुंटूत ते चालतं कारण त्यांच्याकडं इनिट्रामएफएस नावाची एक छोटी शिदोरी कर्नलबरोबर मेमरीत चढते, त्यात हे मोड्यूल असतात. माझ्याकडं शिदोरी नव्हती. म्हणजे डिस्क वाचायला ड्रायव्हर पाहिजे आणि ड्रायव्हर डिस्कवर. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

मुकाट्यानं डिफॉल्ट कॉन्फिगरेशनवर आलो, त्यात एएचसीआय आणि एक्स्ट४ (फाईलसिस्टिम वाचायचा भाग) दोन्ही आतच असतात. वेळ पण पाऊण तास लागला. रीबूट, आणि परत पॅनिक! पण या वेळी यादी भरलेली होती, एसडीए, एसडीए१, एसडीए२, एसडीए३, सगळे हजर. मला त्या पॅनिकचा सुद्धा आनंद झाला, खरं सांगतो. कारण आता फक्त पत्ता चुकत होता. ग्रबच्या ओळीत मी उबुंटूच्या सवयीनं रूट म्हणून फाईलसिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा लांबलचक ओळख नंबर, दिला होता, आणि तो ओळखायचं काम पण त्या शिदोरीतलंच, नुसत्या कर्नलला तो कळत नाही. ग्रबच्या मेनूत ई दाबलं, यूयूआयडी पुसून सरळ एसडीए३ चा पत्ता लिहिला, आणि बूट केलं.

ओळीमागनं ओळ, प्रत्येकीच्या शेवटी हिरवं ओके, आणि मग लॉगिन. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. रूट टाइप केलं, पासवर्ड टाकला, आणि समोर एक चौकट लुकलुकत बसली. हौसेनं मराठी लोकेल लावून डेट मारली तर नुसते चौकोन. लिनक्सच्या साध्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये फार तर ५१२ आकार बसतात आणि जोडाक्षर वगैरे त्याच्या गावी नाही, चेंजरूटमध्ये दिसलं होतं ते उबुंटूच्या टर्मिनलच्या कृपेनं. नेटवर्क पण आलं नव्हतं, मी फाईलीत ईटीएच० लिहिलं होतं आणि कार्डाचं नाव ईएनपी करून काहीतरी निघालं. ते दुरुस्त केलं, केबल लावली, पिंग गेलं.

सोमवारी जेवताना त्या पोरीला सांगितलं, जीलिबसी म्हणजे प्रोग्राम आणि कर्नलच्या मधला माणूस, आणि आधी कंपायलर, पण लंगडा. तिनं लगेच विचारलं, "मग तो लंगडा कशानं बनवला?" म्हणलं शेजारच्यानं. या वेळी ती 'ओके सर' नाही म्हणाली, वही काढली आणि म्हणाली, "सर, हे सगळं क्रमानं परत सांगा."

सध्याची परिस्थिती अशी की माझ्या सिस्टिमवर नेट आहे पण नेटवरनं काही उतरवायला वेगेट नाही, कर्ल नाही, ब्राउझरचं तर नावच नको. वेगेट घालायचं तर आधी लिबपीएसएल घातलेलं बरं, आणि सर्टिफिकेट पाहिजेत म्हणून मेक-सीए, त्याला पी११-किट, आणि त्याच्या आधी लिबटॅस्न१. हे सगळे टारबॉल परत उबुंटूत जाऊन उतरवले, पेनड्राइव्हवर घेतले, आणि पेनड्राइव्ह या क्षणी आईच्या मोबाईलमधल्या भजनांनी भरलेला आहे, ती आधी कुठंतरी काढून ठेवायला पाहिजेत.